म्हशीच्या पासंगाला

माणसाची किंमत किती, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी उभी आयुष्ये खर्ची घातली आहेत. माझ्यापुरता तो प्रश्न रिह्याच्या भैरोबाच्या देवळापुढे एका रविवारी सकाळी, हातातला चहा निवायच्या आत निकालात निघाला. मी आपण होऊन या विषयावर बोलत नाही. पण गावातले इतर लोक बोलतात, आणि दर वेळी माझी किंमत थोडी आणखी उतरलेली असते. तेव्हा एकदाचे मीच सांगून टाकतो आणि मोकळा होतो.

मी रिहे गावच्या शाळेतला मास्तर, वासुदेव घाणेकर. मूळचा पुण्याचा, नारायण पेठेतला. राहायला होतो कोंडाजी आणि भैरू या दोन भावांच्या घरात. घर पाच खणांचे. उगवतीकडच्या दोन खणांत थोरला कोंडाजी आणि त्याची बायको रंभाबाई, मावळतीकडच्या दोन खणांत धाकटा भैरू आणि त्याची साळूबाई, आणि मधल्या खणात भाडे भरून मी. माझ्या खोलीला एक दार आणि एक खिडकी. खिडकी गोठ्याकडे उघडे. त्यामुळे खोलीत वारा येई, असे मी पुण्यात सांगत असे.

माझे लग्न होऊन चार वर्षे झाली होती. ही चारही वर्षे माझी बायको इंदू नारायण पेठेत माझ्या थोरल्या भावाकडे राहत होती. तिथे आम्हा दोघांच्या वाट्याला माजघराचा एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्यापुढे दांडीवर टाकलेली एक चादर. शनिवारी मी पुण्याला गेलो की त्या चादरीआड आम्ही कुजबुजत बोलायचो, आणि पलीकडून वहिनी मध्येच म्हणायच्या, "भावोजी, साखर महागली म्हणता ते अगदी खरं हो." इंदूने कधी दागिना मागितला नाही, लुगडे मागितले नाही. तिचे मागणे एकच होते. आपल्या हाताने आतून कडी लावता येईल असे एक दार. रिह्याच्या खोलीला दार होते, कडी नव्हती. ती मी पौडच्या लोहाराकडून करवून आणली आणि स्वतःच्या हाताने ठोकली. त्यात अंगठाही ठोकला गेला. दसऱ्याला इंदूने यायचे असे ठरले. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मनासारखी होणार असे मला वाटू लागले. तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

गडबड सुरू झाली चंद्रीमुळे. चंद्री म्हणजे दोघा भावांची म्हैस. शेताची वाटणी त्यांच्या बापाने जिवंतपणीच करून दिली होती. विहीर आणि विहिरीकडे जायची वाट तेवढी सामाईक ठेवली होती. ती कुणा एकाची नाही, दोघांचीही, आणि तिच्यावरून कधी कुणी भांडले नाही. घर, भांडीकुंडी आणि चंद्री मात्र वाटायची राहिली होती. चंद्रीचे सकाळचे दूध रंभाबाईचे आणि संध्याकाळचे साळूबाईचे. इथवर ठीक चालले होते. पण एके दिवशी साळूबाईच्या ध्यानात आले की, रात्री वैरण आपण घालतो आणि तिचे दूध सकाळी थोरली जाऊ काढून नेते. नेमके हेच रंभाबाईच्या ध्यानात दुपारच्या वैरणीबद्दल आले. दोघीही हुशार. दोघींनी आपापल्या मनाशी ठरवले की वैरण दुसरीने घालावी. चंद्रीला कुणीच विचारले नाही. ती भुकेने माझ्या खिडकीतून तोंड आत घालू लागली, आणि एका सकाळी मी जागा झालो तेव्हा माझी पेंढ्याची गादी पायाकडून निम्मी संपली होती.

शेवटी उरलेली गादी वाचवण्यासाठी मीच चंद्रीला वैरण घालू लागलो. दोन्ही जावांनी हे पाहिले आणि दोघींनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटले, भांडण मिटले. पण मी घालतो ती वैरण कुणाच्या गंजीतली, असा प्रश्न निघाला. ती हाताला जवळ म्हणून भैरूच्या गंजीतली होती. साळूबाई रंभाबाईला बोलली, रंभाबाई कोंडाजीला बोलली, कोंडाजी भैरूला बोलला, आणि त्यानंतर त्या घरात कुणीच कुणाशी बोलेना. बोलायचे झाले की माझ्या दारात येऊन बोलत. "मास्तर, दादाला सांगा पहार दे म्हनावं." दादा चार हातांवर बसलेला असे. मी त्याला सांगायचे, "कोंडाजी, पहार द्या." तो म्हणे, "त्येला सांगा, न्हाई."

मग कोंडाजी एकदा आत येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, आता वाटणी झाल्याबिगर गत न्हाई. आन वाटणी होईस्तवर घरात नवं मानूस न्हाई. तुमच्या बाईंस्नी येवढ्यात आणू नगा."

"पण वाटणी होणार कधी?"

"व्हईल की. आमच्या चुलत्याची म्या पाळण्यात हुतो तवा सुरू झाली. आजून चाललीया."

मी कडीकडे पाहिले. अंगठा अजून दुखत होता.

त्या शनिवारी पुण्याला गेलो तर इंदूचा भाऊ श्रीधर आलेला. श्रीधर कॉलेजात गणित शिकवतो. माझे रडगाणे ऐकून तो उलट खुलला. म्हणाला, परदेशात गणिती लोकांनी हल्ली एक नवेच शास्त्र काढले आहे. पत्त्यांच्या डावापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून लढाईपर्यंत, जिथे म्हणून दोन माणसे समोरासमोर बसतात तिथे ते लागू पडते. समोरचा काय करील हे धरून आपण काय करायचे, आणि आपण हे धरले आहे हे त्यानेही धरले असणार, हे धरून पुन्हा काय करायचे. मला पहिल्या धरण्याच्या पुढचे नीट कळले नाही. पण श्रीधर म्हणाला, "भावोजी, वाटणीला तर अगदी सोपा तोडगा आहे. एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने निवडायचा. वाटे करणारा झक मारत सारखे वाटे करतो, कारण वाईट वाटा आपल्याच गळ्यात पडेल ही त्याला धास्ती. ना कोर्ट, ना पंच."

चादरीपलीकडून वहिनी म्हणाल्या, "आणि भांड्यांचं काय?"

"भांडीसुद्धा, वहिनी."

निघताना इंदूने हळूच विचारले, "जमेल का हो?" मी म्हणालो, "शास्त्र आहे." इतक्या ठामपणे मी आयुष्यात काही बोललो नव्हतो. तिने विश्वास ठेवला याचे मला अजून वाईट वाटते.

रिह्यात आल्यावर मी दोघा भावांना देवळाच्या कट्ट्यावर बसवून हे शास्त्र समजावले. कट्ट्यावर आमचे शेजारी कुशाबा आधीपासून होतेच. कुशाबांचे वय साठीच्या पुढे, धंदा शेती, जोडधंदा सल्ला. मी बोलून थकल्यावर त्यांनी तंबाखू थुंकली.

"ह्येच व्हय तुमचं शास्तर? आवं, जत्रंला बकऱ्याचं वाटं घालताना आमी दुसरं काय करतो? जो वाटं घालील त्येनं शेवटी उचलायचं. एकीकडं काळीज जास्ती झालं की दुसरीकडं चार तुकडं टाकून बरुबर करायचं."

परदेशातले गणिती कुठे आणि रिह्याचे बकरे कुठे! मला बरे वाटले नाही. पण माझ्या व्याख्यानाने जे दोघांच्या गळी उतरले नव्हते ते बकऱ्याचे नाव निघताच उतरले. तेव्हा मी मान डोलावली. आता फक्त वाटे कुणी घालायचे एवढेच ठरायचे होते, आणि घालायला कुणीच तयार नव्हता. थोरला म्हणून निवडायचा मान आपला, असे कोंडाजीचे म्हणणे. धाकटा म्हणून कौतुक आपले व्हावे, असे भैरूचे. दोघेही कट्ट्यावर पाठ करून बसत. शेवटी कुशाबांनी निवाडा दिला की बकऱ्याचे वाटे नेहमी जाणता माणूस घालतो. जाणता म्हटल्यावर कोंडाजीला नाही म्हणता येईना.

कोंडाजीने मात्र चोख काम केले. भांडी दोन रांगांत लावली, पहारीला कुदळ, पाट्याला जाते. चंद्री काही मधून चिरता येत नाही, म्हणून ती मागे ठेवली. राहिले घर. पाच खणांचे दोन सारखे वाटे म्हणजे अडीच अडीच खण. तेव्हा त्याने चुलीतली राख आणली आणि माझ्या खोलीच्या बरोबर मधून, दारापासून खिडकीपर्यंत, सरळ रेघ ओढली. मी त्या वेळी दाढी करत होतो. रेघ माझ्या पाटाखालून गेली.

"तुमी बसा निवांत," तो म्हणाला. "भैरूनं वाटा उचलला की मधी कुडाची भिंत घालू."

भैरूने वाटा उचलायचाच काय तो अवकाश होता. आणि भैरू उचलीना. तो रोज सकाळी येऊन त्या दोन रांगांपुढे उकिडवा बसे आणि बघत राही. वाटे इतके सारखे होते की त्याला त्याचीच भीती वाटू लागली. एकदा तो मला म्हणाला, "मास्तर, दादाचं डोकं तुमाला ठावं न्हाई. मी मावळतीकडचाच वाटा घेनार ह्ये त्येला ठावं, कारन मी ऱ्हातोच तिकडं. मग त्यानं गोम तिकडंच ठिवली आसंल. म्हनून मी उगवतीकडचा घ्यावा, तर माजी ही आक्कल चालनार ह्येबी त्येला ठावं. मग गोम हिकडंबी आसंल."

मी थक्क झालो. श्रीधरचे दुसरे, तिसरे आणि चौथे धरणे, जे मला कळले नव्हते, ते भैरू कुठलेही कॉलेज न करता धरून बसला होता. फक्त तो त्यातून बाहेर येत नव्हता. इकडे गावातले भात पोटरीला आले, दसरा जवळ आला, आणि मी राखेच्या रेघेवर झोपत होतो, डोके कोंडाजीच्या हद्दीत आणि पाय भैरूच्या. रंभाबाई सकाळी माझी खोली रेघेपर्यंत झाडी आणि कचरा पलीकडे लोटी. साळूबाई संध्याकाळी तो अलीकडे लोटी. तो कचरा एव्हाना माझ्या ओळखीचा झाला होता.

त्यात कचेरीतून माझा कागद परत आला. मास्तर गावातच राहतो, असा घरमालकाच्या सहीचा दाखला दरसाल पाठवावा लागतो. कुणाला राग नको म्हणून मी दोघा भावांचे अंगठे घेतले होते. कागदावर तांबड्या शाईत शेरा होता, "शिक्षक एक, घरमालक दोन, तरी नक्की कोठे राहता याचा खुलासा करावा." मी खुलासा लिहायला घेतला. पण डोके कुठे आणि पाय कुठे हे कचेरीला कसे कळवावे ते सुचेना. तलाठ्याकडे गेलो तर ते म्हणाले, "आधी तोंडी वाटणी होऊ द्या, मग वर्दी द्या, मग मी पाहीन." हे सांगताना ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

एवढ्याने भागले नाही. माझ्या दारापुढे न्हाणीच्या पाण्यावर मी थोडे अळू लावले होते. इंदूला अळूची भाजी फार आवडते. कुशाबांनी ते पाहिले आणि दोघा भावांना एकेकटे गाठून सांगितले, "कूळकायदा आलाया, इसरलात व्हय? कसेल त्याची जमीन! मास्तर कसतुया. उद्या कूळ म्हनून नाव लागलं म्हंजी अळवासंगं खोलीबी ग्येली." इतके दिवस एकमेकांशी न बोललेले भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर आले आणि माझ्या दारात उभे राहिले. मी शपथेवर सांगितले की मी कसत नाही. त्यांनी अळूकडे बोट दाखवले. तेव्हा मी त्यांच्यादेखत सगळे अळू मुळासकट उपटले, आणि मी भूमिहीन आहे हे सिद्ध केले. उपटलेले अळू साळूबाईने नेले. रंभाबाई म्हणाली, निम्मे माझ्या हद्दीतले होते.

आता मी अगदी थकलो होतो. मी कुशाबांचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. म्हणालो, "काहीही करा, पण माझी खोली मधून चिरू नका. अख्खी कुणाच्याही वाट्याला टाका." कुशाबांनी विचार केला.

"आख्खी एकीकडं टाकली तर दुसरीकडं काय तरी तेवढंच टाकाया पायजे. म्हस हाय की! मास्तर हिकडं आन म्हस तिकडं."

कोंडाजीला हे फारच आवडले. संध्याकाळी त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बगा मास्तर, भैरू तुमालाच उचलतुया. त्येची दोन पोरं हायेत साळंत. वर भाडं, कार्ड लिवायला घरचा मानूस. चंद्री मलाच ऱ्हाती." मला त्याच्या बोलण्यातला डाव कळत होता. पण खरे सांगायचे तर मला बरेही वाटले. कुणीतरी मला उचलणार या कल्पनेने मी त्या दिवशी धोतर धुऊन वाळत घातले.

रविवारी सकाळी देवळापुढे गाव जमले. बकऱ्याच्या वाट्यांचा असा रिवाज आहे की वाट्यात जे असेल ते सगळ्यांना दिसले पाहिजे. झाकून काही ठेवायचे नाही. भांडी आली, औजारे आली, चंद्रीला आणून पिंपळाला बांधली. खोली काही उचलून आणता येत नाही. तेव्हा कुशाबा म्हणाले, खोलीच्या वतीने मास्तरांनी उभे राहावे. मी उभा राहिलो. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. चंद्रीपुढे पेंढी टाकली. सगळे कसे बरोबरीने चालले होते.

इतके दिवस दोन रांगांपुढे उकिडवा बसलेला भैरू, ज्याला कुदळ घ्यावी की पहार याचा निर्णय होत नव्हता, तो आला, बसलासुद्धा नाही, आणि म्हणाला,

"म्हस."

कोंडाजीचा चेहरा उतरला. "आरं, नीट बग तरी! पुन्याचा मास्तर हाय. घड्याळ हाय त्येच्याकडं."

"म्हस."

"वाट्यात खोट हाय," कुशाबा म्हणाले. "न बघता उचलला म्हंजी वाटं सारकं न्हाईत. कोंडाजी, हलकं हाय तिकडं टाक काय तरी."

कोंडाजीने म्हशीकडच्या रांगेतले तांब्याचे घंगाळ आणून माझ्या पायाशी ठेवले. भैरू म्हणाला, "म्हस." कोंडाजीने नांगर आणून ठेवला. "म्हस." परसातल्या फणसाची डहाळी तोडून आणली आणि झाड म्हणून माझ्या हातात दिली. चहाचा कप एका हातात आणि फणस दुसऱ्या हातात. "म्हस." गर्दीतून कुणीतरी ओरडले, "मास्तरांचं दात दावा की!" आणि माझ्या शाळेतली चौथीची सगळी पोरे खदाखदा हसली. एखाद्याची बरोबरी दुसऱ्याशी होत नसेल तर 'पासंगालाही न पुरणे' म्हणतात. हा वाक्प्रचार मी दरवर्षी चौथीला शिकवतो आणि वाक्यात उपयोग करायला सांगतो. मुलांना वाक्य सुचत नसे. आता सगळ्यांना एकच सुचते.

नेमक्या याच वेळी फाट्याकडून एक बैलगाडी आली आणि तिच्यातून ट्रंकेसह इंदू उतरली. दसऱ्याआधी एकदा खोली डोळ्यांनी पाहावी, आणि जमले तर राहावेच, म्हणून ती मला न कळवता सकाळच्या एस.टी.ने निघाली होती. गर्दीने वाट दिली. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो, हे काय चाललंय?"

"वाटणी."

"आणि तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"मी कुणाच्या बाजूने नाही. मी वाट्यात आहे."

तिने घंगाळ पाहिले, नांगर पाहिला, फणस पाहिला. मग पिंपळाकडे पाहिले.

"आणि पलीकडे?"

"म्हैस."

इंदूने म्हशीकडे जरा जास्तच वेळ पाहिले. "बरी आहे हो," ती म्हणाली.

कोंडाजीला एकदम हुरूप आला. "आता बाईबी आल्या! मास्तर, बाई, टरंक, घंगाळ, नांगुर आन फनस! बोल भैरू!"

भैरूने पागोटे सारखे केले आणि इंदूला हात जोडले. "बाई, राग मानू नगा," तो म्हणाला, आणि मग कोंडाजीकडे वळून म्हणाला, "म्हस."

यापुढे टाकायला कोंडाजीकडे काही उरले नव्हते. कुशाबांनी वाटे झाले असे जाहीर केले. मला टाळूपर्यंत राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हते. रंभाबाईने चंद्रीच्या गळ्यात पडून, लेक सासरी निघावी तसा हंबरडा फोडला. "माजी चंद्री ग्येली, आन ह्ये आलं!" 'हे' म्हणताना तिने माझ्याकडे हात केला. इंदूने रिह्यातल्या संसारात ऐकलेले ते पहिले वाक्य.

पण खोली अख्खी राहिली. दुपारी इंदूने शेण मागून आणले आणि राखेची रेघ सारवून टाकली. सारवण वाळल्यावर तिने दार लोटले, स्वतःच्या हाताने कडी लावली, आणि त्या कडीकडे बघत भिंतीला टेकून बसली. एवढ्यासाठी मी अळू उपटले होते, अंगठा ठोकून घेतला होता, आणि चारचौघांत नांगराशेजारी उभा राहिलो होतो. मला वाटले, झाले ते चालेल.

तेवढ्यात दार वाजले. इंदूने कडी काढली. दारात भैरू. एका हातात दुधाचा तांब्या आणि दुसऱ्या हातात कोरे कार्ड.

"मास्तर, मुठ्याला दिलेल्या आमच्या ताईला कार्ड लिवायचं हाय."

माझा सगळा अपमान वर आला. "माझ्याकडे कशाला आलास? मी दादाच्या वाट्याला गेलो. तुझी म्हैस आहे ना? तिला सांग लिहायला."

भैरूला माझा राग समजलाच नाही. तो उंबऱ्यावर बसला. "आवं, म्हनून तर म्हस घेतली. म्हस दादाकडं ग्येली आसती तर मला दुधाचा थेंब गावला नसता. तुमी दादाकडं ग्येला म्हनून काय माज्या पोरांस्नी साळंतनं हाकलनार? का मला कार्ड लिवून देनार न्हाई? तुमी कुनाच्याबी वाट्याला ग्येला तरी मला हायेतच. मग तुमाला उचलून म्हस कशाला घालवू?"

नाही लिहून देत, असे म्हटले असते तर त्याचे सगळे गणित चुकले असते. पण मी तसे म्हणणार नाही हेही त्याने धरलेले होते. श्रीधर म्हणाला होता, समोरचा काय करील हे धरून चालायचे. भैरूने मला कधीपासून धरले होते कोण जाणे. पदराआड हसू दाबत इंदूने दौत आणि टाक माझ्यापुढे सरकवला आणि दुधाचा तांब्या आत नेला.

"सांग," मी म्हणालो.

"लिवा. ताईस दंडवत. वाटणी झाली. भांडान न्हाई. दोन खण मला आलं, तीन दादाला. म्हस मला आली." तो थांबला, डोके खाजवले, आणि म्हणाला, "वहीर, वाट आन मास्तर सामाईक ठिवल्यात."

माझा टाक जागीच राहिला. रागवावे की डोळे पुसावेत ते कळेना. सकाळी मला कुणी घंगाळासकट घ्यायला तयार नव्हते, आणि आता मी विहिरीच्या पंगतीला बसलो होतो. मी ते वाक्य त्याने सांगितले तसेच लिहिले आणि त्यावर माती टाकून शाई वाळवली. भैरूने कार्ड उलटसुलट पाहिले, पागोट्यात खोचले आणि गेला.

इंदू उठली. आता तरी निवांत, असे म्हणून तिने कडीला हात घातला. उंबऱ्याबाहेर कोंडाजी उभा होता. त्याच्या हातातही एक कोरे कार्ड होते.

"मास्तर, ताईला लिवायचंय," तो म्हणाला. "पर भैरूनं काय लिवलंय ते आदी सांगा."

इंदूने माझ्याकडे पाहिले, मग कडीकडे पाहिले, आणि कडीवरचा हात काढला. "या, बसा," ती म्हणाली आणि तिने चहाचे आधण ठेवले. मी पुन्हा टाक घेतला. कोंडाजीने बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"चंद्रीचं हाय," तो म्हणाला. मग त्याने कप पुढे करून आणखी मागितला. त्या दाराला आतून कडी लावल्याचे त्यानंतर मला फारसे आठवत नाही.